रोजचं चांगलं दिसायला लागावं म्हणून: करून पाहण्याजोग्या काही पायऱ्या

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदेमळणी असते. जू जिथे टेकतं ती जागा गरम पाण्याने शेकतात, मग हळद घातलेलं लोणी किंवा तेल लावून चोळतात. 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या,' असं बैलाला सांगतात. दुसऱ्या दिवशी झूल, बाशिंग, पुरणपोळी, मिरवणूक हे सगळं असतंच, पण मला या सणातली सगळ्यात शहाणी गोष्ट ही आदल्या दिवशीची वाटते. वर्षभर ज्या खांद्याने भार ओढला, हात त्या खांद्यालाच लागतो. 'बैल हा उपयुक्त प्राणी आहे' असा निबंध तिथे कोणी वाचून दाखवत नाही.

स्वतःच्या आयुष्याबद्दल मात्र आपण तो निबंधच वाचत असतो. 'तसं देवाच्या कृपेने सगळं चांगलंय हो' म्हणतो आणि पुढच्याच मिनिटाला पार्किंगवरून भांडतो. चांगल्याची ढोबळ जाणीव मनाला लागत नाही, नेमकी लागते. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या नेमकेपणाच्या आहेत.

आधी अडचण कुठे आहे ते बघू

आपण कृतघ्न असतो म्हणून चांगलं दिसत नाही असं नाही. आपण सरावतो. नवा फ्रिज आला की आठवडाभर दार उघडून बघतो, महिन्याभराने तो फक्त आवाज करतो तेव्हाच आठवतो. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या लॉटरीत मोठी रक्कम लागलेल्या २२ जणांना गाठलं आणि त्यांची तुलना साध्या लोकांशी केली. विजेते इतरांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत. मजेची गोष्ट पुढेच आहे: मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमीच आनंद मिळत होता. अभ्यास छोटा आहे, त्यावर फार मोठी इमारत बांधू नये. पण घबाड मिळालं की न्याहारीची चव उतरते, हे आपल्या ओळखीपाळखीतही दिसतंच.

दुसरी अडचण म्हणजे वाईट गोष्ट स्वतःहून हाक मारते, चांगली गप्प बसते. दुखरा दात दिवसभर आठवतो. बाकीचे एकतीस कधी आठवलेत?

पहिली पायरी: लिहायची जागा ठरवा

नवी वही आणू नका. सुंदर वही आणली की तिच्यात सुंदरच लिहावंसं वाटतं आणि चार पानांनंतर ती कपाटात जाते.

आपल्याकडे एक जागा आधीच तयार आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर. जयंत साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू केलं तेव्हापासून मराठी घरांत त्या चौकोनांवर दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि मावशींच्या सुट्ट्या लिहिल्या जातात. जरा नीट बघा, आपण तिथे काय लिहितो? खाडे. दूध आलं नाही त्या दिवशी फुली मारतो. महिन्यातले अठ्ठावीस दिवस पहाटे दाराला पिशवी लटकलेली असते, त्या दिवसांचे चौकोन कोरे. हिशेबासाठी ते बरोबरच आहे, पण मनाचा हिशेबही आपण खाड्यांवरच ठेवतो.

तर त्याच चौकोनात, पेन्सिलीने, एक ओळ लिहायची. जागा एवढीशी असल्यामुळे भाषण करता येत नाही, हा मोठा फायदा. घरात सगळ्यांना दिसेल असं नको असेल तर खिशातली छोटी डायरी किंवा फोनमधली नोंदवही चालेल. मी कॅलेंडरच्या बाजूने आहे, कारण ते उघडावं लागत नाही.

किती वेळा लिहायचं, यावर संशोधकांचं एकमत नाही. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञ वाटेल अशा पाच गोष्टींपर्यंत यादी केली. दुसऱ्या गटाने कटकटींची यादी केली, तिसऱ्याने नुसत्या घडामोडींची. पहिल्या गटाला आपलं आयुष्य अधिक बरं वाटलं. मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ सालच्या प्रयोगात लोकांनी एक आठवडाभर रोज रात्री त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी आणि त्यांची कारणं लिहिली, आणि परिणाम सहा महिन्यांनीही दिसला. सोन्या ल्युबोमिर्स्की यांना मात्र आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झालेला आढळला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही.

या सगळ्यातून माझा सल्ला असा: पहिला आठवडा रोज लिहा, म्हणजे नजर तयार होते. त्यानंतर आठवड्यातून एक-दोनदा पुरे. रोजची सक्ती केलीत तर महिन्याभरात 'चहा, घर, आरोग्य' असा जप सुरू होईल, आणि पुन्हा आपण त्या निबंधावर.

दुसरी पायरी: नेमकं लिहा, आणि कोणामुळे ते लिहा

सगळं कसब इथे आहे, म्हणून जरा थांबून उदाहरणं बघू.

'आई आहे हे माझं भाग्य' हे वाक्य खरं आहे, पण ते वाचून काही हलत नाही. त्याऐवजी: 'आईने डब्यात लोणच्याची फोड वेगळ्या कागदात बांधून दिली, पोळीला तेल लागलं नाही.' हे वाचताना आईचे हात दिसतात.

'ऑफिसातले लोक सहकार्य करतात' याऐवजी: 'मीटिंगमध्ये आकडा आठवेना, शेजारच्या मॅडमनी कागद हळूच पुढे सरकवला.'

'तब्येत बरी आहे' याऐवजी: 'आज दोन मजले चढले, गुडघा बोलला नाही.'

वाक्य नेमकं आहे की नाही ते ओळखायची सोपी युक्ती: तेच वाक्य उद्याच्या चौकोनात जसंच्या तसं चालत असेल, तर ते पुरेसं नेमकं नाही. 'पाऊस छान पडला' उद्याही चालेल. 'पाऊस आला तेव्हा खालच्या वहिनींनी हाक मारून वाळत घातलेले कपडे काढायला सांगितलं' हे फक्त आजचंच.

आणि त्यात माणूस किंवा कारण येऊ द्या. सेलिगमन यांच्या प्रयोगात कारण लिहायला सांगितलं होतं, ते उगीच नाही. कारण शोधताना कळतं की बहुतेक चांगल्या गोष्टी आपोआप घडलेल्या नसतात. कोणीतरी उठलेलं असतं, थांबलेलं असतं, आठवण ठेवलेली असते. कधी ते कोणीतरी आपण स्वतःच असतो, तेही लिहा. 'रात्री डाळ भिजत घातली होती, म्हणून सकाळी धावपळ झाली नाही' ही स्वतःची पाठ थोपटणं आहे, आणि ती रास्त आहे.

तिसरी पायरी: वजाबाकी करून बघा

असलेली गोष्ट दिसत नसेल तर ती नसती तर काय झालं असतं, हे मांडायचं. २००८ साली मिनक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. जोडीदार असलेल्या काही लोकांना 'आपली भेट कशी झाली' ते लिहायला सांगितलं, काहींना 'आपली भेट झालीच नसती, हे कसं घडू शकलं असतं' ते. नात्याबद्दल अधिक समाधान दुसऱ्या गटाला वाटलं. गंमत म्हणजे इतर लोकांना आधी अंदाज विचारला तर ते उलटंच सांगत होते.

करायचं असं. एक माणूस किंवा एक गोष्ट निवडा आणि ती आयुष्यात येण्याआधीचे फाटे आठवा. ज्या मैत्रिणीशी वीस वर्षं बोलताय ती भेटली कारण हॉस्टेलच्या यादीत आडनावं शेजारी होती. तुमचं नाव पुढच्या पानावर गेलं असतं तर? ती नोकरीची जाहिरात ज्या काकांनी कापून ठेवली, त्यांनी तो पेपर रद्दीत दिला असता तर? पाच मिनिटं, दहा ओळी.

एक पथ्य मात्र पाळा. वजाबाकी भूतकाळात करायची. 'हे घडलंच नसतं तर' असा विचार करायचा, 'हे उद्या गेलं तर' असा नाही. ज्यांना मुळातच काळजी करायची सवय आहे त्यांनी दुसऱ्या वाटेला गेलं की रात्रीची झोप जाते आणि हाती काही येत नाही.

वस्तूंच्या बाबतीत वजाबाकी कधी कधी परिस्थितीच करून देते. २०१६ च्या दुष्काळात लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं. एप्रिलमध्ये पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या, म्हणजे साधारण ५ लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली, एका फेरीत सुमारे २५ लाख लिटर. ज्या घराने ते दिवस काढलेत त्या घराला नळाच्या धारेबद्दल लेख वाचायची गरज नाही. पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवतात, तेव्हा बुधवारी रात्री बादल्या भरताना आणि शुक्रवारी सकाळी नळ पुन्हा फुसफुसतो तेव्हा त्याच जाणिवेची एक छोटी आवृत्ती मिळते. त्या शुक्रवारच्या चौकोनात काय लिहायचं ते तुम्हाला आता कळलंच असेल.

चौथी पायरी: अधूनमधून सोडा, आणि परत घ्याल तेव्हा सावकाश घ्या

आपल्याकडच्या लोकांना हे फार आधीपासून माहीत आहे. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडणारी घरं आजही आहेत. सोडण्याआधी आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी: कांद्याची भजी, कांद्याची थालीपिठं, जे काय करायचं ते त्या दिवशी. वांग्याची भेट थेट मार्गशीर्षात चंपाषष्ठीला, खंडोबाच्या नैवेद्याच्या भरीत-रोडग्यात. चार-पाच महिन्यांनी चुलीवर वांगं भाजल्याचा वास घरात सुटतो तेव्हा त्या भरताला जी किंमत असते, ती बारमाही भरताला नसते. यामागची धार्मिक आणि आरोग्याची कारणं वेगळी, पण चव परत आणायची ही अस्सल रीत आहे. २०१३ साली जॉर्डी क्वॉइडबाख आणि एलिझाबेथ डन यांनी हेच चॉकलेटवर करून पाहिलं: आठवडाभर चॉकलेट न खाणाऱ्यांना पुढच्या वेळी ते अधिक आवडलं, ज्यांना भरपूर दिलं होतं त्यांच्यापेक्षा.

तुम्ही एका आठवड्यासाठी एकच गोष्ट निवडा. दुपारचा दुसरा चहा, बसमध्ये फोनवर गाणी, रविवारी बाहेरून मागवलेला नाश्ता. छोटी आणि खरोखर आवडती. नावडती गोष्ट सोडण्यात काही हशील नाही. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आहारात आणि औषधांत मात्र हात घालू नका.

परत घ्याल त्या दिवशी घाई करू नका. जेवणाच्या बाबतीत माझा नियम फक्त पहिल्या तीन घासांपुरता आहे, कारण पूर्ण जेवण 'जागरूकपणे' जेवायला गेलं की जेवणाची परीक्षा होते. गरम भाताची मूद, वर घट्ट वरण, तुपाची धार भातात जिरायच्या आत पहिला घास. दुसऱ्यात लिंबू. तिसऱ्यात लोणच्याचा खार. या तीन घासांपुरता फोन दुसऱ्या खोलीत आणि टीव्ही बंद. चौथ्या घासाला खुशाल बातम्या लावा.

पाचवी पायरी: एका वस्तूमागची माणसं मोजा

महिन्यातून एकदा, एक वस्तू. चहा घ्या.

पावडर आसाम किंवा निलगिरीच्या मळ्यातून खुडलेली. दूध कुठल्यातरी गावच्या डेअरीत भल्या सकाळी किंवा संध्याकाळी फॅट बघून घातलेलं, टँकरने आलेलं, पिशवीत भरलेलं, आणि आपण झोपेत असताना कोणीतरी सायकलवरून दाराशी आणलेलं. साखरेपाशी आलात की जरा थांबा. दिवाळीच्या आसपास गाळप हंगाम सुरू होतो, तेव्हा बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर बायकापोरांसह पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने पालावर राहणं. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात, मुकादमाकडून आधी घेतलेली उचल फिटेपर्यंत काम.

म्हणजे ही पायरी नेहमी गोड लागत नाही. मला वाटतं तसंच व्हायला हवं. साखळी शेवटपर्यंत नेली आणि कुठेच अवघडलं नाही, तर ती मध्येच कुठेतरी सुटली आहे. त्या अवघडण्याचं निदान एवढं करता येतं की जी माणसं आपल्या हाताच्या अंतरावर आहेत त्यांचं काम आपण सोपं करतो. फुटलेली काच कागदात गुंडाळून वेगळी देणं, ओला-सुका कचरा खरोखर वेगळा करणं, सॅनिटरी पॅड गुंडाळून वर लाल खूण करणं. पुण्यात कचरावेचकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासून आहे. त्यांच्या सदस्यांना तुमच्या कौतुकाच्या पोस्टपेक्षा ही लाल खूण जास्त उपयोगाची.

सहावी पायरी: सांगा

मराठी घरात एकमेकांचे आभार मानायची पद्धत नाही. बायकोने ताट वाढल्यावर नवरा 'आभारी आहे' म्हणाला तर ती आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघेल. त्यामुळे शब्द उसने आणू नका. घरातली रीत तपशिलाची आहे: 'आई, आज आमटीला आमसूल अगदी बेताचं पडलंय.' 'बाबा, तुम्ही गाडीत हवा भरून ठेवलीत, माझी दहा मिनिटं वाचली.' कोणी तोंडावर कौतुक केलं की लाजून उडवून लावत असेल तर ते दुसऱ्याजवळ करा. सासूबाईंनी केलेल्या लाडवांबद्दल नणंदेला फोनवर सांगितलेलं संध्याकाळपर्यंत पोचतं, आणि पोचताना थोडं वाढतंच.

घराबाहेर, विशेषतः जुन्या शिक्षकांना, चार ओळी लिहून पाठवा. आपण हे टाळतो, कारण त्यांना विचित्र वाटेल, आता आठवत तरी असेल का, असं वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ साली हीच भीती तपासली. पत्र लिहिणाऱ्यांनी समोरच्याच्या अवघडलेपणाचा अंदाज जास्त बांधला होता आणि त्याच्या आनंदाचा कमी. साचा हवा असेल तर असा:

'सर, नमस्कार. मी अमुक शाळेच्या अमुक सालच्या तुकडीतली. नववीत माझं भूमितीचं प्रमेय चुकलं होतं, तुम्ही वर्गात काही न बोलता मधल्या सुट्टीत मला बोलावून पुन्हा काढायला लावलंत. आज माझ्या हाताखालच्या मुलांची चूक झाली की मी त्यांना बाजूला घेऊनच बोलते. हे तुम्हाला कळवायचं राहून गेलं होतं. उत्तर नाही आलं तरी चालेल, तब्येतीला जपा.'

यात तीन गोष्टी आहेत: काय केलंत, त्याचं पुढे काय झालं, आणि उत्तराचं ओझं नाही. शक्य असेल तर भेटून वाचून दाखवा. सेलिगमन यांच्या प्रयोगात या भेटीचा परिणाम लगेच सगळ्यात मोठा दिसला, पण काही महिन्यांत ओसरला. त्यामुळे वर्षाला एखादी भेट ठेवायला हरकत नाही.

ज्यांना आपण पगार देतो त्यांच्या बाबतीत गोड शब्द पैशांची जागा घेत नाहीत. घरकाम करणाऱ्या मावशींना 'तुमच्यामुळे घर चालतं' म्हणायचं आणि वर्षानुवर्षं पगार तोच ठेवायचा, आजारपणाचे खाडे कापायचे, हे त्यांना बरोबर कळतं.

कुठे हे वापरू नये

दुसऱ्याचं तोंड बंद करायला तर अजिबात नाही. 'तुला काय कमी आहे? लोकांना एवढंही मिळत नाही' हे वाक्य सुनांना, मुलांना आणि कामगारांना आपल्याकडे फार ऐकवलं जातं. चौकोनात चांगली ओळ लिहिल्याने अन्यायाची तक्रार रद्द होत नाही, दोन्ही एकाच दिवशी करता येतात. नुकतंच कोणी गेलं असेल त्या घरातही 'जे उरलंय ते बघा' म्हणू नका.

आणि हे औषध नाही. जेनिफर चीव्हन्स आणि डेव्हिड क्रेग यांनी या विषयावरचे २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा नैराश्य आणि चिंतेवर अशा सरावांचा परिणाम लहानच दिसला. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर यादी करत बसू नका. डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

अडलं तर

तेच तेच येत असेल तर ठिकाण बदला. एक आठवडा फक्त रस्त्यावरचं, एक आठवडा फक्त ऐकू आलेलं, एक आठवडा फक्त अनोळखी माणसांनी केलेलं. काहीच सापडत नाही अशा दिवशी जे बिघडलं नाही ते लिहा: लिफ्ट चालू होती, रिपोर्ट नॉर्मल आला, मुलगा वेळेत घरी आला. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रकार नेऊ नका. तिथे दोन दिवसांत स्पर्धा लागते आणि तिसऱ्या दिवशी सुविचारांची चित्रं येतात.

लहान मुलांकडून यादी लिहून घेतली की तो गृहपाठ होतो. त्यांना जेवताना 'आज काय चांगलं झालं?' असंही विचारू नका, त्यावर ठरलेलं उत्तर 'काही नाही' असतं. 'आज तुला कोणी काय दिलं?' किंवा 'तू कोणाला मदत केलीस?' असं विचारा, मग खोडरबराची, डब्यातल्या चिवड्याची, बसमध्ये धरून ठेवलेल्या जागेची हकीकत निघते. त्याआधी स्वतःची एक सांगा. आणि तरीही 'काही नाही' आलं, तर त्या दिवशी विषय सोडून द्या.